ओतलेली पोळी आणि घडीतले सारण

पोळीत पुरण भरावयाचे म्हणजे कणीक तिंबली पाहिजे, उंड्याची पारी केली पाहिजे, तिचे तोंड नीट मिटले पाहिजे आणि मग पोळपाटावर हलक्या हाताने लाटणे फिरविले पाहिजे, अशी आपणा देशावरच्या मंडळींची पक्की समजूत असते. पुरणपोळी, गुळपोळी, साटोरी, सांजोरी ही सारी लाटण्याचीच लेकरे. परंतु पोळपाट-लाटण्याला हातही न लावता, पळीने पातळ पीठ तव्यावर ओतून, त्याचा पापुद्रा जमताच त्यात गोड सारण घालून घडी करावयाची, हीही पोळी भरण्याचीच एक रीत आहे. ती पुण्यापासून फार लांब नाही. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या पश्चिम अंगाला गेले की तिचा प्रांत लागतो. गंमत अशी की, पोलंड-युक्रेनकडील यहुदी घरांतील ब्लिंट्झ नावाचे पक्वान्न, ज्याचे नाव हल्ली अमेरिकेतल्या मुलासुनांकडून आपल्या कानांवर येऊ लागले आहे, तेही याच जातीचे. या दोन भावंडांची ओळख करून द्यावी आणि त्यातून आपल्या स्वयंपाकघराच्या उपयोगाचे काही निघते का ते पाहावे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम परकीय पाहुण्याकडे वळू. ब्लिंट्झ हा शब्द पूर्व युरोपातील यहुद्यांच्या यिद्दिश भाषेतला. पण त्याचे मूळ स्लाव्ह भाषांत आहे. रशियन लोक आपल्या धिरड्याला ‘ब्लिन’ म्हणतात, युक्रेनमध्ये ‘म्लिनेत्स’ म्हणतात आणि या शब्दांच्या मुळाशी दळणे या अर्थाचा धातू आहे. म्हणजे नावाचा अर्थ एवढाच, की दळलेल्याचे केलेले. नावात मोठेपणा नाही. त्याची कृतीही साधी दिसते. गव्हाचे पांढरे पीठ, दूध आणि अंडी एकत्र फेटून सायीसारखे पातळ करावयाचे. ते तासभर झाकून ठेवावयाचे, म्हणजे त्यातील हवेचे बुडबुडे निघून जातात आणि पिठाचा कण न् कण फुगतो. मग लहान तव्यावर लोण्याचे बोट फिरवून त्यात थोडेसे पीठ ओतावयाचे आणि तवा हातात धरून गोल फिरवावयाचा. कागदासारखे पान तयार होते. ते एकाच बाजूने भाजावयाचे, उलटावयाचे नाही. मग भाजलेली बाजू वर करून तिच्यावर निथळलेल्या ताज्या छेन्याचे गोड सारण ठेवावयाचे, खालची कड वर, बाजू आत अशी पाकिटाप्रमाणे घडी घालावयाची आणि ती घडी पुन्हा लोण्यावर परतावयाची. यातील खुबी न भाजलेल्या बाजूत आहे. ती बाहेर राहते, म्हणून दुसऱ्या परतण्याच्या वेळी तिला खमंग तांबूस रंग येतो आणि आतली बाजू अगोदरच शिजलेली असल्याने सारणाचे पाणी पिऊन चिखल होत नाही. दोनदा अग्नी, पण प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला! ज्या कोणा गृहिणीने हे प्रथम योजिले तिला पाकशास्त्राचे मर्म कळले होते, यात संशय नाही.

यहुद्यांमध्ये हे पक्वान्न विशेषेकरून शाव्हुओत या सणाला करतात. वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवशी, म्हणजे साधारणपणे मे-जून महिन्यांत, हा सण येतो. सिनाई पर्वतावर धर्मशास्त्र मिळाल्याचा तो दिवस मानला जातो आणि त्या दिवशी दुधाचे पदार्थ खाण्याची चाल आहे. त्याची धार्मिक कारणे नाना प्रकारची सांगतात. आम्हांस एक साधे कारणही पुरेसे वाटते. त्या थंड देशांत वसंत ऋतूत गाईंना कोवळे गवत मिळते, वासरे झालेली असतात आणि घरात दूध मावत नाही. दोन ब्लिंट्झ शेजारी शेजारी ठेवले की धर्मग्रंथाच्या दोन गुंडाळ्यांसारखे दिसतात, असेही कौतुकाने म्हणतात. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील छळाला कंटाळून लाखो यहुदी अमेरिकेस गेले, त्यांच्याबरोबर हा पदार्थ न्यूयॉर्कला पोहोचला आणि तेथील उपाहारगृहांत रुळला.

येथे कोणी सहज विचारील की, आपल्याकडेही यहुदी आहेतच, मग त्यांच्या घरी ब्लिंट्झ का नाही? कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, गावांवरून रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे घेतलेले बेने इस्राएल लोक मराठीच बोलत आले. पुण्याच्या रास्ता पेठेत त्यांचे प्रार्थनामंदिर १९२१ पासून आहे. पण त्यांचे गोड पदार्थ कोकणचे. मांसाबरोबर दूध खाणे त्यांच्या धर्मात वर्ज्य असल्यामुळे त्यांनी नारळाच्या दुधाला जवळ केले. गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध यांचा हलवा ते नववर्षाला करतात आणि मलिदा नावाच्या विधीत पोहे, गूळ व खोबरे यांचा नैवेद्य दाखवितात. धर्म एक असला तरी चूल ज्या त्या मातीची असते. पोलंडच्या यहुद्याला गाईचे दूध सापडले, रोह्याच्या यहुद्याला नारळ सापडला.

आणि हाच नियम पृथ्वीवर इतरत्रही लागू पडतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो नावाच्या रोमन गृहस्थाने शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ‘प्लासेंटा’ नावाच्या पक्वान्नाची कृती आहे. पिठाचे पातळ थर आणि त्यांच्यामध्ये चीज व मध. त्याचेच नाव पुढे हंगेरीत ‘पालाचिंता’ होऊन तेथील भरल्या धिरड्याला चिकटले. गहू, दूध आणि मध यांचा तो पट्टा. उलट भात, नारळ आणि गूळ यांचा पट्टा घ्या. बंगालात पौष संक्रांतीला पाटिसापटा करतात. तांदळाच्या पिठाचे पातळ पान, आत नारळ व खजुराचा गूळ, किंवा आटविलेले दूध. गोव्यातील ख्रिस्ती घरांत ‘आले-बेले’ नावाची गुंडाळी चहाबरोबर खातात. आत ओले खोबरे आणि माडाचा गूळ. समुद्र ओलांडून जावा बेटात गेले तरी पानांच्या रसाने हिरवी केलेली तशीच गुंडाळी भेटते, तिला ‘दादार गुलुंग’ म्हणतात, आणि तिच्याही पोटात खोबरे व ताडगूळच. कोणी कोणाचे पाहून केले, हे ठरविण्याच्या भरीस पडण्यात अर्थ नाही. ज्याच्या अंगणात जे पिकले त्याने ते घडीत घातले.

याचे शास्त्रीय कारणही समजून घेण्याजोगे आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की त्यात चिवटपणा येतो. रसायनशास्त्रात त्या द्रव्यास ग्लूटेन म्हणतात. त्या चिवटपणाच्या जोरावर पारी ताणली जाते आणि पुरणासकट लाटली तरी फाटत नाही. तांदळात हे द्रव्य नाही. तांदळाची उकड काढून मोदकाची पारी करता येते, पण ती वाफेवर शिजवावयाची. तीच सारण भरून कागदासारखी लाटू म्हटले तर शंभर ठिकाणी चिरेल. म्हणून तांदूळ खाणाऱ्या प्रांताने वेगळी वाट काढली. पीठ लाटावयाचे नाही, ओतावयाचे. आणि सारण आत कोंडावयाचे नाही, वर पसरून घडी मोडावयाची.

भोर आणि वेल्हे हे तालुके या दोन वाटांच्या नेमक्या शिवेवर वसले आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने ओसरतो. पश्चिमेस हिरडस मावळ, वेळवंड खोरे, कानंद खोरे, गुंजण मावळ या भागांत भात, नाचणी आणि वरई. तर पुणे-सातारा रस्त्याच्या अंगाला किकवी-नसरापूरकडे ज्वारी-बाजरी दिसू लागते. तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले वेल्ह्याचेच. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्यास राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. लोकांच्या तोंडी मात्र वेल्हे हे नाव सहजी जाणारे नाही.

भोरचा कोकणाशी संबंध नुसता वाऱ्यापावसाचा नाही. १६९७ मध्ये छत्रपती राजारामांकडून शंकराजी नारायण सचिवांस मिळालेल्या सनदेपासून हे संस्थान चालत आले, ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्या संस्थानात घाटाखालचा सुधागड तालुकाही होता. बल्लाळेश्वराची पाली ती हीच. राजधानी घाटावर आणि एक तालुका कोकणात, अशी स्थिती असल्यावर कारकून, शिक्षक, भिक्षुक आणि त्यांच्याबरोबर लेकीसुना यांची घाटावरून वर-खाली ये-जा होणे साहजिकच होते. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट तर नारळ, कोकम आणि मीठ यांची वाटच. त्यामुळे एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन शब्द नांदताना आढळतात. देशावरून आलेली सून ‘धिरडे’ म्हणते, कोकणातून आलेली ‘घावन’ म्हणते. आणि दोघी आपापल्या परीने खऱ्या असतात. धिरड्यात डाळीचे, ज्वारीचे, गव्हाचे कसलेही पीठ चालते, त्यात मिरची-कोथिंबीर पडते आणि ते उलटून भाजतात. घावनाला मात्र तांदूळच पाहिजे. धिरडे चुकले तरी खाता येते. घावन चुकले तर तव्यावरून निघतच नाही.

घावनासाठी तांदूळ जुना आणि कमी चिकट असावा. मावळच्या सुगंधी आंबेमोहोराचा मऊ भात सुरेख होतो, पण घावनाला तो जरा चिकटच. आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आणलेला इंद्रायणी तांदूळ आता या खोऱ्यांत जिकडे तिकडे दिसतो, त्याचेही तसेच. अशा तांदळात जाड्या जुन्या तांदळाचा अर्धा वाटा मिसळला म्हणजे काम भागते. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, बारीक दळून आणावेत. पीठ पाण्यात ताकासारखे पातळ कालवून चवीपुरते मीठ घालावे. तवा बिडाचा असावा आणि तो चांगला तापलेला असावा. नारळाच्या शेंडीने किंवा वांग्याच्या देठाने तेल फिरवावे आणि पीठ कडेकडून मध्याकडे ओतावे. ओतताच चर्र असा आवाज झाला पाहिजे आणि बारीक जाळी पडली पाहिजे. पाण्याची वाफ पिठाला भोके पाडून वर येते, तीच ही जाळी. ब्लिंट्झला भोक म्हणजे दोष, कारण त्यातून सारण गळते. घावनाला भोक म्हणजे भूषण. तांदळाचे पीठ क्षणात तळाशी बसते, म्हणून प्रत्येक घावनाच्या वेळी पळीने तळापासून ढवळावयास विसरू नये. नव्या मुली येथेच फसतात. पहिली चार घावने पाणचट आणि शेवटची दोन दगडासारखी होतात, आणि दोष तव्याला दिला जातो.

या घावनाचे राजरूप म्हणजे सातकापे घावन. कोकणस्थ घरांतून ज्येष्ठा गौरींच्या नैवेद्याला घावन-घाटले करण्याची चाल आहे, ती बहुतेकांस ठाऊक असते. सातकापे मात्र फारच थोड्या घरांत उरले आहे. ओले खोबरे आणि गूळ शिजवून, वेलदोडा घालून कोरडेसे सारण करून घ्यावे. ते ओलसर राहिले तर पुढचे सारे व्यर्थ. विस्तव मंद ठेवून तव्यावर मध्यम आकाराचे घावन घालावे व झाकण ठेवावे. वाफ आली की अर्ध्या भागावर सारण पसरून उरलेला अर्धा त्यावर दुमडावा. आता तव्याची अर्धी जागा मोकळी झाली. तेथे पुन्हा पीठ असे ओतावे की त्याची कड पहिल्या घडीला बिलगेल. झाकण ठेवून वाफ आणावी, या नव्या अर्ध्यावर सारण पसरावे आणि पहिली घडी उचलून त्यावर उलटावी. पुन्हा दुसरी बाजू मोकळी; पुन्हा पीठ, पुन्हा सारण, पुन्हा उलटणे. पहिल्या घडीत दोन पदर झाले, पुढे प्रत्येक वेळी एक, असे पाच वेळा केले म्हणजे सात पदर होतात. शेवटी हाती येते ती अर्धचंद्राकृती जाड वडी. निवल्यावर सुरीने कापली की पांढरा आणि तपकिरी असे थर उभे दिसतात. केटोच्या प्लासेंटाचे थर आणि हे थर यांत दोन हजारांहून अधिक वर्षांचे आणि एका समुद्राचे अंतर आहे. पण दोघांच्या मागची बुद्धी एकच.

सारणातील गुळाविषयी एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर १९२८ मध्ये लॉइड धरण पुरे झाले. त्याच्या जलाशयास आता येसाजी कंकांचे नाव आहे. त्या पाण्याखाली वेळवंड खोऱ्यातील भाताची खाचरे गेली आणि तेच पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटणकडे जाऊन तेथे ऊस उभा राहिला. तेव्हा भोरच्या घरातल्या घावनात तांदूळ वरच्या खोऱ्याचा आणि गूळ खालच्या कालव्याचा असेल, तर एकाच नदीची दोन टोके त्या घडीत भेटतात. वरच्या टोकाने काय दिले आणि खालच्या टोकाने काय मिळविले, याचा हिशेब खोऱ्यातल्या लोकांना तोंडपाठ आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. घावन मागे का पडत चालले? तांदूळ मिळतो, गूळ मिळतो, पावसाळ्यात वरंध घाट बंद ठेवला तरी पुण्याच्या बाजारातून नारळ येतो. चवीविषयी तर कोणाचीच तक्रार नसते. खरे कारण असे की, घावन तव्यावरून पानात पडले पाहिजे. दहा मिनिटे गेली की ते चिवट होते आणि एकावर एक ठेवली की चिकटून बसतात. पंधरा माणसांच्या घरात प्रत्येकी तीन घावने धरली तरी पंचेचाळीस झाली, आणि एका घावनास दोन मिनिटे म्हटले तरी दीड तास झाला. तो दीड तास एक बाई चुलीपुढे उभी असते. पुरुषांची पंगत उठते, मुलांची उठते, सासूबाईंचे होते. आणि तिच्या वाट्याला तळाशी राहिलेल्या पिठाची ती शेवटची जाड दोन घावने येतात. सातकाप्याची तर गोष्टच नको. एकेका वडीस वीस-वीस मिनिटे लागतात. शिकलेल्या सुना असले पदार्थ टाळतात, असा ठपका घराघरांतून ठेवला जातो. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. पदार्थ टिकावा अशी इच्छा घरातल्या सर्वांनी करावयाची आणि त्याची किंमत एकीने भरावयाची, हा व्यवहार फार दिवस चालत नाही.

पुरणपोळीला हा शाप नाही. ती सकाळी करून ठेवता येते, दुसऱ्या दिवशीही गोड लागते. आणि ब्लिंट्झची मोठी शिकवण येथेच आहे. त्याचे काम दोन भागांत विभागलेले असते. पाने सकाळी करून एकावर एक रचून ठेवावयाची. सारण भरून घड्या झाकून ठेवावयाच्या. जेवणाच्या वेळी फक्त दुसरे परतणे, तेही एका मोठ्या तव्यावर सहा-सहा घड्या एकदम. अर्ध्या तासात पंधरा पाने वाढून होतात आणि परतणारीही पंगतीत बसू शकते. तेव्हा परकीयांपासून अंडी घ्यावयास नकोत, पण ही योजना अवश्य घ्यावी.

आमच्या घरांस चालेल अशी रीत अशी. मैदा एक वाटी, तांदळाची बारीक पिठी दोन चमचे, चिमूटभर मीठ, पातळ केलेले लोणी एक चमचा, आणि दूध व पाणी निम्मे-निम्मे मिळून सुमारे पावणेदोन वाट्या. गुठळी न होऊ देता कालवून, गाळून, एक तास झाकून ठेवावे. अंड्याने जे बांधले जाते ते येथे गव्हाच्या चिवटपणाने आणि या विसाव्याने बांधले जाते. म्हणून तासाची काटकसर करू नये. तवा मध्यम तापवावा, घावनासारखा कडक नको, नाही तर जाळी पडेल. वीतभर व्यासाची आठ पाने होतात. कड सुटू लागली आणि वरचा ओलेपणा गेला की पान उतरावे, उलटू नये. कोरड्या फडक्यावर निववून मग रचावे.

सारणासाठी दीड लिटर गाईचे दूध लिंबाने नासवून छेना फडक्यात बांधावा व तासभर वजनाखाली ठेवावा. त्यात दोन चमचे खवा, चार चमचे पिठीसाखर आणि वेलदोडा घालून मळावे. नारळ-गुळाचे कोरडे सारण घातले तर पान ब्लिंट्झचे आणि पोट कोकणचे असा पदार्थ होतो, आणि आमच्या मते तोच अधिक सरस. भाजलेल्या बाजूवर सारणाची बोटभर लांब वळकटी ठेवून खालची कड तिच्यावर घ्यावी, दोन्ही बाजू आत दुमडाव्यात आणि गुंडाळत न्यावे. परतताना मिटलेले तोंड आधी खाली ठेवावे, म्हणजे ते तुपात चिकटून बंद होते. मग दुसरी बाजू. युरोपात याबरोबर आंबट साय घेतात. आपल्याकडे घट्ट दही पुरे.

छेन्याचे निथळलेले पाणी टाकून देऊ नये. त्यात संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक भिजवावी. पोळ्या मऊ राहतात.